टफन्ड सिरॅमिकचं विरूपण

साधं सिरॅमिक वाकत नाही, थेट तुटतं. धातूत अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात म्हणून पत्र्याला पोचा पडतो, सिरॅमिकमधे बंध इतके घट्ट की ही घसरण रूम टेंपरेचरला जवळपास होतच नाही, मग सगळा ताण एखाद्या बारीक भेगेच्या टोकाशी गोळा होतो आणि खेळ खल्लास. टफन्ड, म्हणजे मुद्दाम चिवट केलेल्या सिरॅमिकमधे नेमका या टोकापाशी बंदोबस्त केलेला असतो.

सगळ्यात भारी उदाहरण झिरकोनियाचं, म्हणजे झिरकोनियम ऑक्साइडचं. शुद्ध झिरकोनिया साधारण ११७० अंश सेल्सिअसच्या वर टेट्रागोनल या स्फटिकरूपात असतो, थंड होताना मोनोक्लिनिक या दुसऱ्या रूपात जातो आणि ४-५ टक्के फुगतो, त्यामुळे भाजलेली वस्तू थंड होता होता आपोआपच तडकते. पण त्यात ३ मोल टक्के (रेणूंच्या संख्येनुसार टक्के) इट्रिया म्हणजे यिट्रियम ऑक्साइड घातला आणि कण मायक्रॉनपेक्षा बारीक ठेवले की टेट्रागोनल रूप थंडीतही अडकून बसतं. मग भेग पुढे सरकली की तिच्या ताणाने आजूबाजूचे कण रूप बदलतात, फुगतात आणि भेगेलाच आवळून धरतात. म्हणजे ज्या फुगण्यानं वस्तू फुटायची तेच आता कामाला लावलं! गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ मधे 'नेचर'मधे हे मांडलं तेव्हा शीर्षक होतं 'सिरॅमिक स्टील?', प्रश्नचिन्हासकट.

ते प्रश्नचिन्ह योग्यच होतं. इट्रियावाल्यात हा बदल भेगेला चिकटूनच होतो, अख्खा तुकडा काही वाकत नाही. सिरिया (सिरियम ऑक्साइड) घातलेल्या झिरकोनियाची गोष्ट वेगळी, त्याची पट्टी वाकवली तर लोड सरळ चढत जातो, मग झटक्याझटक्याने खाली येतो, आणि ओढ बसणाऱ्या, पॉलिश केलेल्या बाजूला उंचवट्यांचे पट्टे दिसायला लागतात. पट्टी खरोखर वाकलेली राहते, आणि तापवली की बऱ्यापैकी सरळ होते, कारण कण परत टेट्रागोनल होतात. फुगणं हा यातला मुख्य भाग असल्याने दाबापेक्षा ओढीखाली हे सगळं लवकर सुरू होतं.

फुकट मात्र काही मिळत नाही. कण जितक्या सहज रूप बदलणार तितक्या कमी ताणाला मटेरियल हार मानतं, म्हणून सगळ्यात चिवट (भेगेला सगळ्यात जास्त अडवणारा) झिरकोनिया सगळ्यात मजबूत (सगळ्यात जास्त ताण सोसणारा) नसतो. आणि तापमान वाढलं की टेट्रागोनल रूपच स्थिर व्हायला लागतं, मग ताण देऊनही कण बदलायला तयार नसतात आणि चिवटपणा उतरतो.