सागरी प्लास्टिक कचरा : गोव्यातील लोकसहभागी अभ्यास आणि निवारण

समुद्रात व किनाऱ्यावर साठणाऱ्या प्लास्टिकचा माग काढणे, ते उचलणे आणि मुळात ते पाण्यापर्यंत पोचू न देणे, या कामासाठी संशोधक व किनाऱ्यावरचे लोक यांनी एकत्र येण्याची पद्धत. गोव्यात या कामाच्या एका टोकाला दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) आहे. दुसऱ्या टोकाला रापणकार (किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढून मासे पकडणारे), ट्रॉलरवरचे खलाशी, तिसऱ्या नावाचे शिंपले काढणाऱ्या बायका, जीवरक्षक, पाणबुडे, पंचायती आणि शाळा-कॉलेजांतली मुले आहेत.

जुन्या मोजणीनुसार गोव्याचा किनारा सुमारे १०५ किमी. लांबीचा मानला जातो. प्लास्टिक तिथे दोन वाटांनी येते. एक वाट नद्यांची. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्या वस्तीतून वाहतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात गटारे-ओहोळांत वर्षभर अडकलेले सगळे काही खाली येते. खाजन शेतीच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या) बांधावर भरतीचे पाणी अडवणारी मानस असते; तिच्या दारांशी तेव्हा बाटल्या आणि पिशव्यांचा थर दिसतो. दुसरी वाट उलटी, समुद्राकडून जमिनीकडे. किनारा घाण दिसला की पर्यटकांकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सवय गोव्यात आहे, आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाही. पण उत्तरेच्या केरीपासून दक्षिणेच्या गालजीबागपर्यंतच्या सहा किनाऱ्यांवर समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी प्लास्टिकच्या गोळ्यांचा अभ्यास केला (प्रसिद्धी २०१६), त्यातून वेगळेच चित्र पुढे आले. या गोळ्या म्हणजे कारखान्यांना पुरवला जाणारा कच्चा माल. आकाराने साबुदाण्याएवढ्या, बहुतेक पांढऱ्या, पॉलिथिलिन व पॉलिप्रोपिलिनच्या. हिवाळ्यापेक्षा नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात त्या जास्त सापडल्या, आणि त्यांतल्या बहुतेक समुद्रातूनच, वारे व पृष्ठप्रवाहांबरोबर आल्या असाव्यात असा निष्कर्ष निघाला. पावसाळ्यात दर्या काय काय आणून टाकतो हे रापणकारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे; संशोधनाने त्याला मोजमापाची जोड दिली.

मोजण्याची रीत किचकट नाही. भरतीच्या खुणेला समांतर ठरावीक लांबीचा पट्टा आखायचा, त्यातली प्रत्येक वस्तू उचलायची, प्रकारानुसार वेगळी करून मोजायची आणि तोलायची. सिगारेटची थोटके, बाटल्यांची बुचे, शेवग्याच्या शेंगेएवढे हिरवे-निळे दोरीचे तुकडे, थर्माकोलचा चुरा, एकटीच उरलेली चप्पल. एवढे काम स्वयंसेवक करू शकतात, मात्र तक्ता नीट भरला गेला पाहिजे. ५ मिमी.पेक्षा लहान सूक्ष्मप्लास्टिकसाठी वाळू चाळून मिठाच्या दाट द्रावणात टाकतात. वाळू तळाशी बसते, हलके कण तरंगतात. तो कण कशाचा, हे अवरक्त वर्णपटावरून (कण अवरक्त किरणांतले कोणते शोषतो त्यावरून) ठरते, आणि तिथे प्रयोगशाळाच लागते. ५ जुलै ते १७ सप्टेंबर २०२२ या ७५ दिवसांत देशभरातील ७५ किनाऱ्यांवर ‘स्वच्छ सागर, सुरक्षित सागर’ मोहीम राबवण्यात आली. अशा मोहिमांत पोती किती भरली हे छायाचित्रासह जाहीर होते. पोत्यांत काय होते याची नोंद झाली तरच संशोधनाला त्याचा उपयोग.

दक्षिण गोव्यातील साळ नदीचे उदाहरण लोकांना जास्त जवळचे, कारण ते थेट ताटापर्यंत येते. मडगावच्या बाजूने येऊन बेतुल येथे समुद्राला मिळणाऱ्या या नदीच्या पाण्यात, गाळात, शिंपल्यांत आणि मासळीत सूक्ष्मप्लास्टिक आढळले. त्यात तंतूंचे प्रमाण मोठे होते. कपडे धुताना सुटणारे धागे आणि झिजणाऱ्या जाळ्या-दोऱ्या हे अशा तंतूंचे नेहमीचे उगम. तिसऱ्या, शिनाणे, कालवे पाणी गाळून पोट भरतात, आणि आपण ती आतड्यासकट खातो. बांगडा मात्र साफ करून खातो. असे निष्कर्ष बाहेर आले की बाजारात मासळीचा उठाव पडेल ही मच्छीमारांची भीती रास्त आहे. ज्यांच्या होडीतून नमुने आणायचे त्यांना निकाल वर्तमानपत्रातून कळू नये, एवढी अपेक्षा तरी संशोधकांकडून ठेवायला हरकत नसावी.

अवघड विषय जाळ्यांचा. पूर्वी जाळी सुताची असत. आता नायलॉनची असतात, आणि हरवलेले जाळे खडकाला अडकून वर्षानुवर्षे मासे, खेकडे, कासवे मारत राहते. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, म्हणून हा धोका गोव्यात विशेष. ग्रांदे बेटाच्या परिसरात पाणबुडे अशी जाळी कापून वर काढतात. जाळे कुठे गेले हे मच्छीमाराला पक्के माहीत असते, पण विचारणारा पंचनामा करायला आलेला वाटला तर तो सांगत नाही. हजारो रुपयांचे जाळे कोणी हौसेने टाकत नाही. ट्रॉलरने ओढून नेले, खडकात अडकले, वादळात तुटले, अशीच कारणे असतात.

कायद्यांची उणीव नाही. जैवविघटन न होणाऱ्या (न कुजणाऱ्या) कचऱ्यावर राज्याचा कायदा १९९६ पासून आहे, एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशव्यापी बंदी १ जुलै २०२२ पासून आली, आणि २०२४ मध्ये राज्याने ठेव-परतावा योजना अधिसूचित केली : वेष्टनावर ठेव भरायची, रिकामे वेष्टन परत केले की पैसे परत. पण जाळे हे वेष्टन नव्हे, म्हणून ते या योजनेत बसत नाही. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत जेटीवर जाळी दुरुस्त होतात, कापलेले नायलॉनचे तुकडे तिथेच पडतात, आणि पहिल्या जोरदार सरीबरोबर पाण्यात जातात.