हवामान-सुरक्षा आणि शांतता-उभारणी (गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात)

हवामान-सुरक्षा : पाऊस, उष्णता, दुष्काळ आणि पूर यांतील बदलांमुळे माणसांमाणसांतील जुने तंटे कोणत्या वाटेने पेटू शकतात याचा आगाऊ अंदाज घेणारे, आणि ते पेटण्याआधी वाटपाचे व वाटाघाटीचे मार्ग उभे करणारे धोरणक्षेत्र. यातील दुसऱ्या भागाला शांतता-उभारणी म्हणतात. दुष्काळ पडला की भांडण होतेच, असा सरळ हिशेब या क्षेत्रात चालत नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक तज्ज्ञ मंडळाच्या २०२२ च्या अहवालानेही हिंसक संघर्षांमागे हवामानापेक्षा सामाजिक, आर्थिक आणि शासनाशी निगडित कारणे अधिक प्रभावी असल्याचे नोंदवले आहे. तुटीच्या वर्षी तूट कोणी सोसायची हे आधी ठरलेले असले आणि मोजमापावर दोन्ही बाजूंचा विश्वास असला, तर तंटा कोर्टकचेरीपर्यंत जातो, हाणामारीपर्यंत सहसा जात नाही. नाशिक जिल्ह्यात याची लहान आणि मोठी, दोन्ही प्रकारची उदाहरणे शेजारीशेजारी सापडतात.

आंतरराष्ट्रीय वाटचाल

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत हवामानबदलावर पहिली चर्चा १७ एप्रिल २००७ रोजी ब्रिटनच्या पुढाकाराने झाली. ३१ मार्च २०१७ च्या ठराव क्र. २३४९ मध्ये चाड सरोवराच्या खोऱ्यातील अस्थिरतेशी हवामानाचा संबंध नोंदवला गेला. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा राजकीय विभाग, विकास कार्यक्रम आणि पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून हवामान-सुरक्षा यंत्रणा स्थापन केली. शांतता मोहिमांचा विभाग तिच्यात नंतर सामील झाला. सोमालियातील मोहिमेत या विषयाचा स्वतंत्र सल्लागार २०२० मध्ये नेमला गेला. १३ डिसेंबर २०२१ रोजी आयर्लंड आणि नायजर यांनी मांडलेला व्यापक ठराव मात्र पडला. बाजूने १२ मते होती, चीन तटस्थ राहिला, रशिया आणि भारत यांनी विरोध केला आणि रशियाचा विरोध नकाराधिकार ठरला. हवामानाचा प्रश्न हवामान करारांच्या चौकटीतच हाताळावा आणि श्रीमंत देशांनी आधी वित्तसाहाय्याची वचने पाळावीत, ही भारताची भूमिका. हा आक्षेप हलका नाही. पाण्याच्या प्रश्नाला सुरक्षेचा शिक्का लागला की निर्णय पाटबंधारे खात्याकडून पोलिसांकडे सरकतो. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली, तेव्हा हे सरकणे महाराष्ट्राने पाहिले आहे.

कामाची पद्धत

या क्षेत्रातील विश्लेषक सुरुवात हंगामाच्या दिनदर्शिकेपासून करतात. पेरणी, आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या), चाराटंचाई, ऊसतोडीचे स्थलांतर, बाजारभाव आणि निवडणुका एकाच पट्टीवर मांडल्या की ताण कोणत्या आठवड्यांत एकवटतो ते दिसते. पुढचा प्रश्न अधिकाराचा असतो : दरवाजाची चावी कोणाकडे, आवर्तनाची तारीख कोण ठरवते, तक्रार कोणाकडे जाते आणि तिची दाद किती दिवसांत लागते. त्यानंतर चांगल्या, मध्यम आणि वाईट पावसाच्या वर्षात कोणाचे किती जाईल याचे आकडे काढतात. शेवटी इशाऱ्याच्या खुणा ठरतात. कालव्याच्या लाभक्षेत्रात त्या अगदी साध्या असतात : चारी फोडणे, रात्री दरवाजे उचलणे, मंजुरीविना टाकलेले पंप, शेवटच्या शेतकऱ्यांनी पाणीअर्ज भरणेच सोडून देणे. यातली शेवटची खूण सर्वांत गंभीर, कारण व्यवस्थेवरचा विश्वास उडाल्याचे ती सांगते, आणि नेमकी तीच कोणत्याही तक्रार नोंदवहीत येत नाही.

चुका बहुधा सरासरीत होतात. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर येवला-नांदगाव भागात पाचशेच्या आसपास. जिल्ह्याची सरासरी दोन्हींबद्दल खोटे सांगते. शिवाय पावसाच्या आकड्यावरून टंचाई कळत नाही. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण इगतपुरी-त्र्यंबकच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत शब्दशः खरी ठरते. दुसरी चूक उपायातली. आफ्रिकेच्या कोरड्या चराऊ पट्ट्यात नवी कूपनलिका खोदली की चहूकडचे कळप तिथे जमतात, आणि वापराचा करार आधी झालेला नसेल तर मदतीचे पाणीच भांडणाचे कारण बनते. तिसरी अडचण मुदतीची आहे. शांतता-उभारणीचे बरेच प्रकल्प दीड-दोन वर्षांचे असतात. तेवढ्यात एक-दोन पावसाळे जातात आणि दोन्ही चांगले गेले तर नियमाची परीक्षाच होत नाही.

फड आणि वाघाड

मोसम, आरम या नद्यांवर बागलाण भागात फड पद्धत काही शतके चालत आली. नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने नेतात आणि लाभक्षेत्राचे काही फड पाडतात. एका फडात एकच पीक, आणि शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा; त्यामुळे तूट एकाच कुटुंबावर न पडता सर्वांत वाटली जाते. पाणी पाजण्याचे काम पाटकऱ्याकडे असते. शेतकऱ्याने स्वतः बारे धरायचे नाही, म्हणजे आपल्या शेतात पाणी वळवायचे नाही, हा या पद्धतीचा कणा. बांधावरची निम्मी भांडणे तिथेच टळतात. वरच्या अंगाला धरणे आणि पंप आले तसे अनेक बंधाऱ्यांचे पाणी आटले आणि फड मोडत गेले.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या टोकाला, ओझरकडे, पोचत नसे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने तिथल्या टोकाच्या शेतकऱ्यांच्या तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापाने मोजून घ्यायचे, पट्टी संस्थेने गोळा करायची, वाटप संस्थेने करायचे. पुढे वरच्या भागातही संस्था झाल्या आणि संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. आधी टोकाचे लोक संघटित झाले, हा क्रम महत्त्वाचा. उलट क्रमात वरच्यांना बोलणी करण्याचे कारणच उरत नाही. संस्थांच्या कामात बिघाड होतो तो बहुधा मापनात. मोजपट्टीवर गाळ साचतो, प्रवाहमापक नादुरुस्त राहतो, मग बिल अंदाजाने निघते आणि एका हंगामात विश्वास जातो.

जायकवाडीचा नियम

मोठ्या पातळीवर नाशिक-अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि मराठवाडा यांच्यातील वाद जगातल्या बहुतेक नदीतंट्यांसारखाच वरच्या आणि खालच्या अंगाचा आहे. आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या १९९७ च्या करारात (अंमल २०१४ पासून, भारत त्यात नाही) न्याय्य व वाजवी वापर आणि लक्षणीय हानी न करणे ही दोन तत्त्वे आहेत. महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातील कलम १२(६)(ग) खोऱ्यातील धरणांमध्ये तुटीचे समन्यायी वाटप सांगते. एकाच राज्याच्या आत असा लिखित नियम असणे ही मोठी गोष्ट आहे. खोऱ्यातील धरणांच्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालावर आधारित आदेश प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये दिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

२०१४ च्या आदेशातला नियम असा. १५ ऑक्टोबरला मराठवाड्यातील पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा खरिपाचा वापर धरून मोजायचा. तो ६५ टक्क्यांपेक्षा कमी भरला तर मुळा, प्रवरा, गोदावरी-दारणा, गंगापूर आणि पालखेड या धरणसमूहांनी तक्त्याप्रमाणे पाणी सोडायचे. २०२३ मध्ये असा आदेश सुमारे ८.६ टीएमसीचा (अब्ज घनफुटांचा) होता. १ टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेकचा (सेकंदाला तितक्या घनफुटांचा) विसर्ग सलग २४ तास. म्हणून सोडणे दिवसांचे नव्हे, आठवड्यांचे काम असते. त्याआधी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, नदीकाठच्या पंपांची वीज तोडावी लागते आणि काठावर बंदोबस्त लावावा लागतो. पात्र ओले असताना, ऑक्टोबरातच पाणी सोडले तर वाटेतली घट कमी. न्यायालयात आणि बैठकांत महिना गेला की कोरडी वाळू आधी पिते आणि वरच्यांनी दिलेले पाणी खालच्यांना पोचत नाही. मग दोन्ही बाजू फसवणूक झाल्याचे मानतात आणि आपापल्या परीने बरोबर असतात. म्हणून आदेशात पाणी धरणातून सोडलेले मोजायचे की पैठणला पोचलेले, हे स्पष्ट असणे कोणत्याही घोषणेपेक्षा उपयोगाचे.

२०२३ मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या (मेरी) महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली नियमाचा फेरआढावा घेण्यासाठी समिती नेमली गेली. तिने ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली. जायकवाडीचा उपयुक्त साठा ७६.६५ टीएमसी आहे, तेव्हा सात टक्के म्हणजे सुमारे ५.४ टीएमसी. तुलनेसाठी, नाशिक शहराला पाणी पुरवणाऱ्या गंगापूर धरणाचा संपूर्ण उपयुक्त साठा ५.६ टीएमसी आहे.