नागपूरची बस आणि नागपूरची मेट्रो: मधल्या वर्षांचा हिशेब

मेट्रोचा दुसरा टप्पा बुटीबोरी, कन्हान, हिंगणा आणि ट्रान्सपोर्ट नगर या चार दिशांना निघाला आहे. ४३.८ किलोमीटर, ३२ स्थानकं आणि मंजुरीच्या वेळी धरलेला खर्च ६,७०८ कोटी रुपये. या टप्प्याची चर्चा निघाली की एक विधान ठरलेलं असतं: नागपूरकर बसमध्ये बसतच नाहीत, त्यांना गाडीच लागते, म्हणून मेट्रो आणावी लागली. गेल्या दोन दशकांचा क्रम पाहिला तर हे विधान टिकत नाही. लोकांनी बस सोडली त्याआधी बस चालवणाऱ्यांनी लोकांना सोडलं होतं. मेट्रोचा निर्णय झाला तोवर तुलना करायला धड बससेवाच उरली नव्हती.

रेल्वे या शहरात १८६७ साली आली. स्टेशनची आजची दगडी इमारत १९२५ची. मुख्य मार्गांखेरीज नागभीड आणि छिंदवाड्याकडे जाणाऱ्या नॅरोगेज गाड्या इतवारीहून सुटत. उमरेड, सौंसरकडच्या माणसांचं शहरात येणंजाणं त्यांच्यावर चाले. छिंदवाडा मार्ग रुंदीकरणासाठी २०१५च्या शेवटी बंद झाला, नागभीड मार्ग २०१९च्या नोव्हेंबरात. शहराच्या आतल्या प्रवासाला मात्र रेल्वेचा उपयोग फार थोडा. मुंबईसारखी लोकल नागपूरला मिळाली नाही. उलट रुळांनी शहर मधोमध कापलं. पूर्वेच्या इतवारी-महालातून पश्चिमेच्या धरमपेठेकडे यायचं तर लोहापूल, स्टेशनजवळचा पूल किंवा अजनीचा पूल, आणि तिथली कोंडी. पुढे बस आणि मेट्रो दोघींनाही याच चिंचोळ्या जागांतून वाट काढावी लागली.

शहर बसची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली, आणि ते वळण फार कमी वेळा सांगितलं जातं. मुंबईची बस १९४७ साली तिथल्या पालिकेच्या ताब्यात आली. पुण्यात १९५० साली पालिकेची स्वतःची परिवहन सेवा सुरू झाली. नागपूरला तेव्हा मध्य प्रांताची राजधानी म्हणून प्रांतिक सरकारची बससेवा होती. राज्य पुनर्रचनेनंतर ती मुंबई राज्याच्या एसटीत विलीन झाली आणि १९६१ पासून आजच्या महामंडळाचा भाग बनली. शहरातल्या बसही त्याच महामंडळाने चालवल्या, थेट २००७ पर्यंत. म्हणजे महापालिकेला जवळपास साठ वर्षं बस चालवावीच लागली नाही. डेपो कसा चालतो, वेळापत्रक कसं बांधायचं, चालक-वाहकांच्या पाळ्या कशा लावायच्या, टायर किती किलोमीटरला बदलायचा, हे ज्ञान पालिकेच्या इमारतीत कधी साठलंच नाही. एसटीच्या दृष्टीने शहर बस हा दुय्यम धंदा होता. तिचा जीव गावोगावच्या आणि लांब पल्ल्याच्या फेऱ्यांत होता. तोटा वाढला की पहिली कात्री शहराच्या फेऱ्यांना लागणार हे उघडच होतं.

त्याच सुमारास आणखी एक मोठं काम झालं. २००० नंतरच्या काही वर्षांत शहरातले रस्ते मोठ्या प्रमाणावर रुंद करण्यात आले, अतिक्रमणं हटली, दुभाजक आले. त्या कामाचं कौतुक आजही होतं आणि ते रास्त आहे. रुंद झालेल्या रस्त्यावर बससाठी वेगळी पट्टी मात्र कुठे आखली गेली नाही. हप्त्यावर दुचाकी मिळण्याचे आणि रस्ते मोकळे होण्याचे दिवस एकत्र आले. कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींनी बसचा पास सोडून गाडी घेतली, यात त्यांचा दोष शोधण्यात अर्थ नाही. अर्धा तास थांबून येईल की नाही याची खात्री नसलेली बस आणि दारातली गाडी यांत कुणीही गाडीच निवडेल.

आता २००७चा निर्णय. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचा सांधा इथे आहे, म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. एसटीने शहर सेवा सोडली आणि पालिकेने ती एका खासगी कंपनीकडे दिली. नागपूरकर तेव्हापासून शहर बसला ‘स्टार बस’ म्हणू लागले. कराराचं सूत्र असं होतं की तिकिटाचे पैसे कंपनीने ठेवायचे आणि पालिकेला ठरावीक रॉयल्टी द्यायची. वरकरणी हा सौदा पालिकेच्या फायद्याचा. तोटा नाही, कर्मचारी नाहीत, उलट तिजोरीत भर. तेव्हा त्याचं स्वागतच झालं होतं.

या सूत्रात बसचा मार्ग कोण ठरवतो हे नीट पाहिलं पाहिजे. तिकिटावर ज्याचं पोट आहे तो बस गर्दीच्या ठिकाणीच नेणार. बर्डीहून (म्हणजे मध्यवर्ती सीताबर्डीहून) हिंगणा, बर्डीहून कामठी, पारडी, अशा भरलेल्या मार्गांवर गाड्या एकामागून एक. नव्या लेआउटमध्ये, रिंग रोडपलीकडच्या वस्त्यांत, रात्री आठनंतर किंवा दुपारच्या उन्हात गाडी काढणं त्याला परवडत नाही. मग तिथला माणूस ऑटो शोधतो किंवा दुचाकी घेतो. प्रवासी घटला की फेरी आणखी आतबट्ट्याची होते आणि बंद पडते. गाडीची देखभालही त्याच गणितात येते: आज वाचवलेला दुरुस्तीचा रुपया हा आजचा नफा, आणि खिळखिळी बस ही करार संपल्यावर दुसऱ्या कुणाची तरी डोकेदुखी. २००९ साली केंद्राने मंदीवरचा उपाय म्हणून शहरांना बस घ्यायला पैसे दिले आणि नागपूरलाही त्यातून मोठ्या बस मिळाल्या. गाड्या जनतेच्या पैशाच्या, चालवण्याचं गणित मात्र तेच जुनं.

त्याच वर्षी केंद्राच्या नगरविकास खात्याने शहरी वाहतुकीसाठी मोजपट्टी ठरवून दिली. दर हजार लोकसंख्येमागे ०.६ किंवा जास्त बस असतील तर सेवा पहिल्या दर्जाची, ०.२ पेक्षा कमी असतील तर चौथ्या, म्हणजे शेवटच्या दर्जाची. २०११च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाख ५ हजार होती. त्या हिशेबाने पहिल्या दर्जासाठी सुमारे १,४४० बस हव्या होत्या आणि शेवटच्या पायरीवरून वर यायला निदान ४८० रोज रस्त्यावर हव्या होत्या. शहर त्या खालच्या रेषेपाशीच घुटमळत राहिलं. नागपुरात बस चालत नाही असा निष्कर्ष काढताना हा आकडा समोर ठेवावा लागतो. पुरेशा बस असलेलं नागपूर कुणी पाहिलेलंच नाही, मग तिथे बस अपयशी ठरली हे कोणत्या पुराव्यावर म्हणायचं?

२०१७ साली सूत्र बदललं. सेवेचं नाव ‘आपली बस’ झालं, तीन कंत्राटदार आले, प्रत्येकाकडे १४४, मिळून ४३२ लाल बस. आता तिकिटाचे पैसे पालिकेकडे आणि कंत्राटदाराला धावलेल्या किलोमीटरप्रमाणे मोबदला. हा बदल योग्य होता. मार्ग ठरवण्याचा अधिकार त्यामुळे पालिकेकडे परत आला. पण त्याबरोबर तोटाही आला, आणि दशकभर रॉयल्टीची सवय लागलेल्या व्यवस्थेला तो तोटा म्हणजे गळती वाटू लागला. उद्यानाला किंवा पथदिव्यांना आपण तोट्यातलं म्हणत नाही. बसच्या बाबतीत मात्र दर अंदाजपत्रकात तीच ओरड. कंत्राटदारांची देयकं, त्यावरून होणारे संप, अचानक उभ्या राहिलेल्या गाड्या, हे सगळं त्यामागून आलं.

इथेनॉलवर धावणाऱ्या हिरव्या बसचा प्रयोगही याच काळातला. २०१४ साली देशातली अशी पहिली बस नागपुरात धावली, नंतर ५५ गाड्यांची योजना झाली. वातानुकूलित, लो-फ्लोअर, चढायला सोप्या. म्हाताऱ्या माणसांना त्यांचं विशेष अप्रूप होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये ती सेवा बंद पडली. कंपनी आणि पालिका यांच्यातले थकबाकीचे आणि सुविधांचे वाद हे कारण होतं, प्रवासी नव्हते असं नाही.

मेट्रोच्या आराखड्याचं काम या सगळ्याच्या मधल्या काळात झालं. दिल्लीच्या मेट्रोने २००२ पासून देशातल्या प्रत्येक शहराला स्वप्न दाखवलं होतं. दुसरीकडे बसच्या वेगळ्या मार्गिकांचा प्रयोग पुण्यात २००६ साली आणि दिल्लीत २००८ साली सुरू होऊन दोन्हीकडे बदनाम झाला. अहमदाबादेत २००९ पासून तो चांगला चालला, पण नागपूरच्या चर्चेत अहमदाबादपेक्षा पुण्याच्या अर्धवट मार्गिकांचीच उदाहरणं जास्त आली. बाराव्या पंचवार्षिक योजनेसाठीच्या कार्यगटाने २० लाखांवरच्या शहरांनी रेल्वेआधारित वाहतुकीचं नियोजन सुरू करावं असं सुचवलं होतं आणि नागपूर त्या रेषेच्या वर होतं. २०१३ साली सविस्तर प्रकल्प अहवाल आला, २०१४च्या जानेवारीत राज्याची आणि ऑगस्टमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. लगेच कस्तुरचंद पार्कवर भूमिपूजन झालं. खर्च ८,६८० कोटी.

बस, वेगळ्या मार्गिकेची बस, हलकी रेल्वे आणि मेट्रो यांची सविस्तर तुलना केल्याशिवाय केंद्राचा पैसा मिळणार नाही, हा नियम २०१७च्या मेट्रो धोरणात आला. नागपूरच्या पहिल्या टप्प्याची मंजुरी त्याच्या तीन वर्षं आधीची. म्हणून पहिल्या टप्प्याला त्या चाळणीतून जावंच लागलं नाही, आणि दुसऱ्या टप्प्याच्या वेळी पहिला उभा असल्याने उत्तर जवळजवळ ठरलेलं होतं.

पैशाची वाटही बोलकी आहे. मेट्रोला केंद्र आणि राज्याचं भागभांडवल मिळालं, जर्मन विकास बँकेचं ५० कोटी युरोचं आणि फ्रेंच संस्थेचं १३ कोटी युरोचं कर्ज मिळालं. शहरातल्या खरेदीविक्रीवर १ टक्का जादा मुद्रांक शुल्क लागलं, आणि मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत ४ पर्यंत चटई निर्देशांक (म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकामाची मुभा) देऊन त्याच्या अधिमूल्यातून निधी उभा करायचं ठरलं. यातली एकही वाट बससाठी कधी उघडली गेली नाही. बसला पैसा मिळाला तो गाडी घेण्यापुरता, ती रोज चालवण्यासाठी नाही.

मेट्रोचं काम वेगाने आणि नीटनेटकं झालं, हे मान्य करायलाच हवं. २०१९च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी, २०२०च्या जानेवारीत सीताबर्डी ते लोकमान्य नगर, २०२१च्या ऑगस्टमध्ये कस्तुरचंद पार्कपर्यंत आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी ऑटोमोटिव्ह चौक आणि प्रजापती नगरपर्यंत पहिला टप्पा पूर्ण झाला. संपूर्ण मार्ग जमिनीवर किंवा खांबांवर, भुयार कुठेच नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला. डब्यात सायकल नेता येते ही सोय तर मला मनापासून आवडते. आनंद टॉकीजजवळ रुळांवरून गेलेला पूल पाहिला की पूर्व आणि पश्चिम नागपूरला जोडणारी एक नवी वाट अखेर मिळाली याचा आनंद होतो.

पण त्याच खांबांवर जे दुसरं बांधलं गेलं त्याबद्दल बोललंच पाहिजे. वर्धा मार्गावर ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल २०२०च्या नोव्हेंबरात खुला झाला: खाली रस्ता, मधे मोटारींचा उड्डाणपूल, वर मेट्रो. कामठी मार्गावर एलआयसी चौक ते ऑटोमोटिव्ह चौक असाच साडेपाच किलोमीटरहून लांब पूल २०२४च्या ऑक्टोबरात सुरू झाला. गड्डीगोदामला तर मधून रेल्वेही जाते. जागा वाचली, खांबांचा खर्च वाटला गेला, अभियांत्रिकी म्हणून दोन्ही कामं अभिमानाची आहेत. वाहतुकीचं धोरण म्हणून मात्र त्यांचा अर्थ वेगळा आहे. ज्या रस्त्यावर मेट्रो भरावी म्हणून हजारो कोटी घातले, त्याच रस्त्यावर, त्याच खांबांवर, दुचाकी आणि मोटारीने सिग्नल न लागता जाण्याची सोय करून दिली. मेट्रोचा प्रवासी पळवणारा स्पर्धक मेट्रोच्याच खांद्यावर बसवला. प्रवासीसंख्या अपेक्षेइतकी का वाढत नाही याची कारणं शोधताना भाडं, वारंवारिता, पार्किंग सगळ्यांची नावं घेतली जातात. या पुलाचं नाव क्वचितच निघतं.

दुसरं कारण पुन्हा बसपाशीच येतं. मेट्रो दोन सरळ रेषांत जाते, घरं त्या रेषांवर नाहीत. मानेवाडा, दिघोरी, जरीपटका, गोधनी इथल्या माणसाला स्थानकापर्यंत कोण आणणार? लहान बस हे याचं उत्तर, आणि ती चालवायची जबाबदारी पालिकेची, जिला दोन दशकांत सेवेचं सूत्र दोनदा बदलावं लागलं आहे. मेट्रो कंपनी आणि बससेवा यांचं तिकीट, वेळापत्रक आणि हिशेब वेगवेगळे. २०१८ साली रेल्वेच्या रुळांवरून वर्धा, रामटेक, नरखेड आणि भंडाऱ्याकडे ब्रॉडगेज मेट्रो नेण्याचा करार झाला, सुमारे २६८ किलोमीटरचा. त्याच्या बातम्या शहर बसच्या बातम्यांपेक्षा कितीतरी जास्त छापल्या गेल्या.

दुसऱ्या टप्प्यातली हिंगण्याची ६.७ किलोमीटरची आणि ट्रान्सपोर्ट नगरची ५.६ किलोमीटरची मार्गिका ज्या रस्त्यांवरून जाणार, तिथे आजही शहर बसला गर्दी असते. मार्गिका सुरू झाल्यावर तिथल्या फेऱ्या काढून घेऊन बाजूच्या वस्त्यांना द्यायच्या, की नुसत्याच बंद करायच्या, हे पालिकेने आताच लेखी ठरवावं. त्या फेऱ्यांचे किलोमीटर कंत्राटात मोजलेले आहेत आणि त्यांचा पैसा नागपूरकर भरत आहेत.