झेलले म्हणजे वाचले असे नाही

२०२५ च्या मे महिन्यात ‘मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग’ पाहून बाहेर पडताना जिन्यात पुढे चाललेले एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावत होते, की पेटलेले पॅराशूट वगैरे सगळे संगणकावर करतात, त्यात खरे काही नसते. मुलाचे समाधान झाले नव्हते. ‘पण पहिलं जळल्यावर दुसरं इतक्या पटकन कसं उघडलं?’ असे तो पुन्हा पुन्हा विचारत होता. वस्तुस्थिती अशी, की टॉम क्रूझ यांनी इंधनात भिजवलेल्या, पेटत्या पॅराशूटसह एकदा नव्हे तर १६ वेळा उडी घेतली आणि गिनीज बुकात त्या विक्रमाची नोंदही झाली आहे. जे खरोखर घडले त्यावर आपण अविश्वास दाखवतो. उलट विसाव्या मजल्यावरून कोसळणाऱ्या नायिकेला महानायक जमिनीपासून हातभर अंतरावर अलगद झेलतो, तेव्हा मात्र कोणालाच शंका येत नाही. गेल्या काही वर्षांतले मारधाडीचे आणि विज्ञानकल्पनेचे चित्रपट पाहताना मला सर्वाधिक खटकते ते हेच दृश्य.

त्याचा हिशेब नववीच्या गणिताने करता येतो. h उंचीवरून पडणाऱ्या वस्तूच्या वेगाचा वर्ग 2gh इतका असतो; g म्हणजे गुरुत्वामुळे वेग ज्या दराने वाढतो तो दर. ती वस्तू d एवढ्या अंतरात थांबवायची, तर वेगाचा तोच वर्ग 2ad इतका भरतो; a म्हणजे थांबताना वेग ज्या दराने घटतो तो दर. दोन्ही बाजू समान मांडल्या की वेग गळून पडतो आणि उरते एक सुबक गुणोत्तर: थांबताना बसणारा झटका गुरुत्वाच्या किती पट, तर पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर. वीस मजले म्हणजे सुमारे ६० मीटर. झेलताना महानायकाचे हात अर्धा मीटर खाली आले असे औदार्याने मानले, तरी उत्तर १२० येते. नायिकेचे वजन ५५ किलो असेल, तर त्या क्षणी तिच्या शरीरावर सरासरी साडेसहा टनांहून अधिक भार पडतो. हात पोलादी असतील तर ते आणि खालची फरशी यांत तिच्या दृष्टीने फारसा फरक नाही. काही चित्रपटांत महानायक खालून वर झेप घेऊन तिला झेलतो, ते तर याहून वाईट आहे, कारण दोघांचे वेग समान असतील तर सापेक्ष वेग दुप्पट होतो आणि, अंतर तेवढेच असताना, झटका चौपट. चिलखत घातलेल्या नायकांचीही यातून सुटका नाही. चिलखत जागच्या जागी थांबते, पण आतला मेंदू कवटीवर आदळायचा तो आदळतोच.

यातून सुटकेचा मार्गही तेच गुणोत्तर सांगते. झटका पाच पटींवर रोखायचा असेल, तर ६० मीटरपैकी ५० मीटर पडून झाल्यावर, म्हणजे जमिनीच्या तीन मजले वर, तिच्याबरोबर खाली झेपावत तिला कवेत घ्यावे लागेल आणि उरलेल्या १० मीटरांत वेग सारख्या प्रमाणात कमी करत आणावा लागेल. स्पायडरमॅनच्या १९७३ च्या कॉमिकमध्ये ग्वेन स्टेसी पुलावरून पडते, नायकाचे जाळे तिला अधांतरी पकडते आणि तरीही ती मरते. झेलल्यानेही माणूस मरू शकतो हे कबूल करणारी महानायकांची कथा विरळाच. ‘ड्यून’च्या २०२१ च्या चित्रपटात आकाशातून संथपणे तरंगत उतरणारे सैनिकही मला याच कारणाने आवडले. ते तरंगवणारे उपकरण निखालस कल्पित आहे, पण ते एकदा मान्य केले की पुढचा हिशेब सचोटीचा आहे.

ज्यांचा समीकरणावर विश्वास नाही त्यांनी अंड्यावर प्रयोग करावा. आमच्या गच्चीवरच्या दोरीवर जुनी चादर टांगून तिची खालची दोन टोके भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने झोळी होईल अशी वर धरली आणि मी अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून अंडे फेकले. चादर फूटभर मागे गेली आणि अंडे झोळीत येऊन पडले, साधा तडाही नाही. दुसरे अंडे चादर चुकवून टाकीच्या भिंतीवर गेले. त्याची हकिकत सांगण्याची गरज नाही.

उंचावरून पडूनही कोणी वाचले, की वर्तमानपत्रात ‘देव तारी त्याला कोण मारी’ हा मथळा ठरलेला असतो. मधे वाकलेला पत्रा, फाटलेली ताडपत्री, मोडलेल्या फांद्या यांचा उल्लेख बातमीच्या शेवटी एका ओळीत येतो. माझ्या मते मथळा त्यांचा असायला हवा. १९४४ च्या मार्चमध्ये ब्रिटिश हवाई दलाचा निकोलस अल्केमेड हा तोफची जळत्या विमानातून, सुमारे साडेपाच हजार मीटरवरून, पॅराशूटशिवाय पडला आणि वाचला. त्याला पाइनच्या लवणाऱ्या फांद्यांनी आणि खालच्या बर्फाने थांबण्यासाठी अंतर दिले.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. आकाशातून पालथे पडणाऱ्या माणसाचा वेग हवेच्या विरोधामुळे ताशी २०० किलोमीटरच्या आसपास स्थिरावतो. पॅराशूटने तो ताशी २० किलोमीटरपर्यंत खाली आणायचा, म्हणजे सेकंदाला ५० मीटर इतका वेग कमी करायचा. हे काम तीन सेकंदांत झाले, तर सरासरी झटका गुरुत्वाच्या पावणेदोन पट, आणि ०.३ सेकंदात झाले, तर १७ पट. अर्थात ही सरासरी झाली. कमाल झटका तिच्या कितीतरी पट असू शकतो. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप १९५४ मध्ये ताशी हजार किलोमीटरच्या वर धावणाऱ्या रॉकेट-घसरगाडीत बसून १.४ सेकंदांत थांबले, तेव्हा सरासरी सुमारे २० पट भरते, पण मोजलेला कमाल आकडा ४६.२ पट होता. त्यामुळे पॅराशूट सावकाश उघडणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते सारख्या गतीने उघडणेही.

हे घडवून आणतो तो स्लायडर. उशीच्या अभ्र्याहून थोडे मोठे, आयताकृती, साधे कापड; चार कोपऱ्यांना चार धातूच्या कड्या आणि पॅराशूटच्या सगळ्या दोऱ्या या कड्यांतून ओवलेल्या. घडी करताना ते अगदी वर, छत्राला लागून ठेवतात. छत्र हवा भरून पसरू लागले की दोऱ्या फाकू पाहतात आणि कड्या खाली ढकलू लागतात. पण खालून येणारी हवा त्याच कापडाला वर दाबून धरते. वेग जास्त असेल तोवर हवेचा दाब जिंकतो आणि दोऱ्यांचा जुडगा आवळलेला राहतो. छत्र अर्धवट उघडून वेग कमी करत जाते, तसा स्लायडरखालचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो, दोऱ्या फाकतात आणि स्लायडर सरकत खाली उडी घेणाऱ्याच्या डोक्यावर येतो. म्हणजे किती लवकर उघडायचे हे तो वेगच ठरवतो. त्यासाठी मोटार नाही, बॅटरी नाही, संगणक नाही. वेग फार वाढण्याआधीच, म्हणजे कमी उंचीच्या कड्यावरून, उडी घ्यायची असेल, तर अनुभवी लोक स्लायडर काढून टाकतात किंवा खाली बांधून ठेवतात, कारण तेथे दोन सेकंदांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

जळालेले पॅराशूट तोडून टाकल्यावर दुसरे पटकन उघडले, असे त्या मुलाला वाटले. जिन्यातल्या गर्दीत त्याला गाठून सांगायचे राहून गेले, की पटकन उघडले असते तर तो नट दुसऱ्या दिवशी मान वळवू शकला नसता.