युंग आणि योग: एक खुलासा

‘मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग भारतात आले, योगी झाले आणि दुभंगलेल्या मनाचा उपाय इथूनच घेऊन गेले’ अशा आशयाची पोस्ट वर्षानुवर्षे फिरते आहे. त्यातलं ‘भारतात आले’ एवढंच खरं.

1937च्या अखेरीस युंग आले ते इंडियन सायन्स काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणावरून. सांचीच्या स्तूपाने ते भारावले. कलकत्त्यात आमांशाने आजारी पडून रुग्णालयात राहिले. अद्वैती संत रमण महर्षींना भेटणं मात्र त्यांनी जाणूनबुजून टाळलं. उपाय शोधायला आलेला माणूस असं करेल का?

योगाबद्दल त्यांना आदर होता. 1932 मध्ये झुरिचला त्यांनी कुंडलिनीवर व्याख्यानंही दिली. पण युरोपीय माणसाने योगाची नक्कल करू नये, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. स्वतःच्या मानसिक उलथापालथीच्या काळात ते योगाचे काही व्यायाम करत, तेही मन शांत होईपर्यंतच. शांत झालं की पुन्हा त्याच खळबळीत उतरत, कारण आत काय दडलंय ते त्यांना पाहायचं होतं.

खरा फरक इथे आहे. अद्वैतात अहंकार गळून पडायचा असतो. युंगना तो हवा होता: स्वप्नं आणि नाकारलेली काळी बाजू यांना सामोरं कोण जाणार? ‘मी’शिवाय जाणीव असू शकते, हेच त्यांना पटत नव्हतं. त्यामुळे त्यांचा ‘सेल्फ’ (जाणीव आणि नेणीव मिळून होणारं संपूर्ण मन) म्हणजे आपला आत्माच, असं म्हणणं जरा घाईचं. उपनिषदांतून त्यांनी बरंच घेतलं, ते वेगळं.