शाळेला कुलूप, बुद्ध्यांकाला उतरती कळा

बोटांचे ठसे घेऊन मुलाची ‘जन्मजात बुद्धी’ सांगणारी दुकानं हल्ली गावोगावी निघाली आहेत. ठसे आईच्या पोटातच ठरतात आणि पुढे बदलत नाहीत, हे खरं. बुद्ध्यांक मात्र बदलतो. किती, ते अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दिसलं.

तिथलं फार्मव्हिल हे छोटं गाव. कृष्णवर्णीय मुलांची शाळा अपुरी, म्हणून डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत वर्ग भरत. १९५१ मध्ये १६ वर्षांच्या बार्बरा जॉन्सने विद्यार्थ्यांचा संप घडवला. त्यातून उभा राहिलेला खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या, शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या ‘ब्राऊन’ खटल्यात सामील झाला आणि १९५४ मध्ये वर्णानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरल्या. गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र बसवायला लागू नये म्हणून काउंटीने १९५९ मध्ये सरळ सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. सुमारे १,७०० कृष्णवर्णीय मुलांना शाळाच उरली नाही. काहींना दूरच्या नातेवाइकांकडे धाडलं, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली. बरीच नुसती घरी बसली.

आता गणित. बुद्ध्यांक म्हणजे समवयस्कांशी तुलना: सरासरी १००, प्रमाण विचलन (म्हणजे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात, ते) १५. समजा, आठव्या वर्षी एका मुलीने २० प्रश्न सोडवले आणि त्या वयाची सरासरीही २०. बुद्ध्यांक १००. चार वर्षं शाळा बुडाली. बाराव्या वर्षी तिने २२ सोडवले, पण सरासरी गेली ३० वर. विचलन ५ प्रश्नांचं धरलं, तर ती ८ भागिले ५, म्हणजे १.६ विचलनं मागे. त्याला १५ ने गुणलं की २४. बुद्ध्यांक ७६! मुलगी दोन प्रश्नांनी पुढेच गेली होती, तरीही.

हे आकडे मी सोयीने घेतले, पण फार सोयीनेही नाही. तिथल्या मुलांची तुलना शाळेत जाणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा बुडालेल्या दर वर्षामागे सुमारे ०.४ विचलनाची, म्हणजे ६ गुणांची घसरण दिसली.

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारी शाळा उघडल्या. गोरी मुलं बहुतांशी खासगी शाळेतच राहिली. बुडालेल्या शिक्षणासाठी व्हर्जिनियाने शिष्यवृत्ती सुरू केली ती २००४ मध्ये. तोवर ती मुलं पन्नाशी-साठीच्या आसपास पोचली होती.