सैन्यात गेलेला सीपीए आणि परवान्याची मुदत : पार्श्वभूमी

अमेरिकेत नॅशनल गार्ड या राज्यांच्या अर्धवेळ सैन्यात किंवा राखीव दलात नाव असलेल्या सीपीएला (म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या परवानाधारक हिशेबनिसाला) बोलावणं आलं, की बऱ्याच गोष्टींची सोय कायद्याने आधीच करून ठेवलेली असते. नोकरी असेल तर ती परत मिळण्याचा हक्क राहतो. सेवेआधी काढलेल्या कर्जाचं व्याज 6 टक्क्यांवर आणता येतं. दिवाणी दावा चालू असेल तर तो पुढे ढकलून मागता येतो. पण ज्या परवान्यावर पोट चालतं, त्याचं नूतनीकरण, फी आणि परवाना टिकवायला दरवर्षी भरायचे शिक्षणाचे तास यांच्याकडे केंद्रीय कायद्याने फार काळ पाहिलंच नाही. ते राज्यांवर सोडलं गेलं आणि राज्यांनाही त्याची आठवण उशिरा झाली.

सैनिकाला दिवाणी कटकटींपासून वाचवण्याची कल्पना जुनी आहे. यादवी युद्धाच्या काळात, 1864 मध्ये, अमेरिकी काँग्रेसने दाव्यांच्या मुदतीचं मोजमाप थांबवणारा कायदा केला होता. पहिल्या महायुद्धात 1918 चा सैनिक व खलाशी दिवाणी सवलत कायदा आला. त्याचा मसुदा मेजर जॉन विगमोर यांचा. हे गृहस्थ एरवी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या कायदा महाविद्यालयाचे प्रमुख होते. युद्ध संपलं तसा तो कायदाही संपला आणि 1940 मध्ये जवळपास त्याच साच्यात पुन्हा आणला गेला. 2003 मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली आणि आज तोच लागू आहे. आपल्याकडेही याच जातीचा 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा आहे. महाराष्ट्राच्या कूळकायद्यात सैन्यात असलेल्या जमीनमालकांसाठी वेगळं प्रकरणच घातलेलं आहे. सातारा-सांगलीकडच्या वाचकांना ते सांगायला नको.

या सगळ्या कायद्यांचा जीव कर्ज, भाडं, गहाण आणि कोर्ट यांत होता. त्यात व्यावसायिक परवाना नव्हता, आणि त्याचं कारण साधं होतं. न्यूयॉर्कने 1896 मध्ये सीपीएचा पहिला कायदा केला, पुढच्या पंचवीसेक वर्षांत बाकीची राज्यं त्याच वाटेने गेली, पण ते प्रमाणपत्र एकदा मिळालं की जवळजवळ जन्माचं असे. कुठे वर्षाकाठी नोंदणीची फी भरायची, तेवढंच. 1942 मध्ये गणवेश चढवून 1945 मध्ये परतलेल्या सीपीएला कार्यालय झाडून घ्यावं लागलं असेल, अशिलं पुन्हा गोळा करावी लागली असतील, पण शिक्षणाच्या तासांचा हिशेब त्याला कुणी मागितला नाही. सवलतीची गरजच नव्हती, म्हणून सवलतही नव्हती.

1970 च्या दशकात हे चित्र दोन बाजूंनी बदललं, आणि या दोन बाजूंचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. हिशेबतपासणीचे आणि कराचे नियम भराभर बदलत होते. तेव्हा सीपीएंची राष्ट्रीय संघटना, एआयसीपीए, हिने 1971 मध्ये राज्यांनी निरंतर शिक्षण सक्तीचं करावं असा आग्रह धरला. प्रमाण साधारण तीन वर्षांत 120 तास. आयोवासारख्या राज्यांनी सुरुवात केली, बाकीची रांगेत आली, विस्कॉन्सिन तर थेट या शतकात. अशा रीतीने जन्माचं प्रमाणपत्र मुदतीचा परवाना झालं. दुसरीकडे 1973 मध्ये सक्तीची लष्करभरती बंद झाली. सैन्य स्वेच्छेचं झालं, आकाराने लहान झालं, आणि मोठी मोहीम निघाली की राखीव दलावर आणि नॅशनल गार्डवर भार टाकायचं धोरण ठरलं. राखीव दलातला माणूस म्हणजे एरवी नोकरीधंदा करणारा नागरिक. महिन्यातला एक शनिवार-रविवार कवायतीला जाणारा, बाकीचे दिवस लोकांची विवरणपत्रं भरणारा.

या दोन बदलांची टक्कर व्हायला 1990 उजाडावं लागलं. आखाती युद्धासाठी दोन लाखांहून जास्त राखीव सैनिकांना बोलावलं गेलं. त्यांत डॉक्टर होते, वकील होते, हिशेबनीसही होते. 1991 मध्ये काँग्रेसने 1940 च्या कायद्यात घाईने दुरुस्त्या केल्या, त्यांतली एक व्यावसायिक दायित्वाच्या विम्याबद्दल होती. सेवेवर असेपर्यंत विमा स्थगित ठेवायचा, हप्ता भरायचा नाही आणि परतल्यावर तो पुन्हा चालू करून घ्यायचा. मात्र ही सोय आरोग्यसेवा देणाऱ्यांना नाव घेऊन दिली गेली. इतर व्यवसायांचा समावेश करायचा की नाही, हे संरक्षणमंत्र्यांवर सोपवलं. 2003 च्या कायद्यात वकिलांचंही नाव आलं. हिशेबनिसांचं नाव तिथे आजही नाही. 1994 चा पुनर्नोकरीचा कायदा चांगला भक्कम होता, पण तो मालकाला बांधतो, परवाना देणाऱ्या मंडळाला नाही. स्वतःची पेढी चालवणाऱ्या सीपीएचा मालक तो स्वतःच, त्यामुळे त्याला त्याचा उपयोग शून्य.

2001 नंतर इराक-अफगाणिस्तानच्या फेऱ्या सुरू झाल्या. वर्षभर बाहेर, परत, पुन्हा बोलावणं. आता हा प्रश्न अपवादाचा राहिला नाही. राज्यं एकेक करून जागी झाली, आणि प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने कायदा केला. टेक्सासच्या व्यवसायविषयक संहितेतलं 55 वं प्रकरण सर्व परवान्यांना लागू आहे. सेवेवर असल्यामुळे नूतनीकरण चुकलं हे दाखवलं की दंड नाही, जादा फी नाही, आणि राहिलेलं शिक्षण पूर्ण करायला दोन वर्षं जास्त. कॅलिफोर्नियात 2013 पासून लागू झालेली तरतूद वाचताना दिसायला जास्त उदार वाटते, कारण सेवेच्या काळापुरती फी आणि शिक्षण दोन्ही माफ. पण तिच्या अटी नीट पाहायला हव्यात. बोलावणं आलं त्या दिवशी परवाना चालू स्थितीत हवा. सेवेची लेखी कागदपत्रं द्यायला हवीत. सेवेत असताना परवान्याचं काम करायचं नाही, आणि सैन्यासाठीच ते करायचं असेल तर परवाना 'लष्करी सक्रिय' या वेगळ्या प्रकारात जातो आणि खासगी काम पूर्ण बंद होतं. परतल्यावर सहा महिन्यांत नूतनीकरणाच्या सगळ्या अटी पूर्ण करायच्या. कॅलिफोर्नियात सीपीएला दोन वर्षांत 80 तास लागतात, हे लक्षात घेतलं तर सहा महिने ही मुदत मला कंजूष वाटते. युद्धावरून आलेल्या माणसाचे पहिले सहा महिने घर आणि झोप सावरण्यात जातात. टेक्सासवाल्यांना हे जास्त कळलेलं दिसतं.

सवलत नेमकी कशाला आहे आणि कशाला नाही, हे छोट्या पेढीत लगेच जाणवतं. समजा एखाद्या तालुक्याएवढ्या गावात एकट्याची पेढी आहे आणि फेब्रुवारीत, करहंगामाच्या ऐन तोंडावर, बोलावणं आलं. 15 एप्रिलच्या आत विवरणपत्रं जायला हवीत. त्याचा वैयक्तिक परवाना राज्याच्या कायद्याने वाचतो. पेढीची परवानगी बहुतेक राज्यांत वेगळी असते, तीन वर्षांनी होणारं सहव्यावसायिकांचं परीक्षण (दुसऱ्या सीपीएने पेढीचं काम तपासणं) वेगळं, आणि दुसऱ्याचं विवरणपत्र पैसे घेऊन भरायला लागणारा कर खात्याचा क्रमांक केंद्राचा, त्याचं नूतनीकरण दरवर्षी. युद्धक्षेत्रात असलेल्या सैनिकाला स्वतःचं विवरणपत्र भरायला कर खातं परतल्यानंतर किमान 180 दिवस देतं, पण त्याच्या अशिलांना त्यातलं काही मिळत नाही. तेव्हा या कायद्यांनी परवाना रद्द होण्यापासून वाचतो, व्यवसाय वाचतोच असं नाही.

प्रश्नाला खरा रेटा मात्र सैनिकांकडून कमी आणि त्यांच्या जोडीदारांकडून जास्त आला. लष्करी कुटुंब दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलतं. 2012 मध्ये अमेरिकेच्या अर्थ आणि संरक्षण खात्यांनी मिळून एक अहवाल काढला. नोकरीधंद्यात असलेल्या लष्करी जोडीदारांपैकी सुमारे 35 टक्के परवाना लागणाऱ्या व्यवसायांत आहेत, आणि वर्षभरात राज्य ओलांडून घर हलवण्याचं त्यांचं प्रमाण इतर नागरिकांच्या दहापट आहे, असं त्यात होतं. आपल्याकडे सीएची नोंदणी एकाच राष्ट्रीय संस्थेकडे असते. नवऱ्याची बदली पुण्याहून गुवाहाटीला झाली तर बायकोने फक्त पत्ता बदलून कळवायचा. अमेरिकेत सीपीएची मंडळं 55. सीपीएंना दुसऱ्या राज्यात परवान्याविना काम करायची मुभा बऱ्याच आधीपासून आहे हे खरं, पण ती व्यवसायाचं मुख्य ठिकाण मूळ राज्यात असेपर्यंत. बिऱ्हाडच हललं की ती मुभा आटोपली आणि नवीन राज्याचा अर्ज, फी, थांबणं सगळं आलं.

हे 5 जानेवारी 2023 ला बदललं. त्या दिवशी अमलात आलेल्या केंद्रीय कायद्याने 2003 च्या सवलत कायद्यात नवीन कलम घातलं. लष्करी आदेशाने राज्य बदललं असेल तर सैनिकाचा किंवा जोडीदाराचा जुन्या राज्याचा परवाना नवीन राज्यात तशाच व्याप्तीच्या कामासाठी चालेल. 2023 च्या त्या कलमातल्या अटी अशा होत्या: आदेशाची प्रत द्यायची, परवाना निष्कलंक हवा, मागच्या दोन वर्षांत सक्रियपणे वापरलेला हवा, आणि नवीन राज्याचे शिस्तीचे व शिक्षणाचे नियम मानायचे. गंमत अशी, की विम्याच्या सवलतीत नाव घेऊन बसवलेले वकील इथे नाव घेऊन वगळले गेले, आणि कुठेच नाव नसलेले हिशेबनीस आपोआप आत आले. कलमाचा पहिला कस लागला तो एका शालेय समुपदेशिकेच्या दाव्यात. परवाने ओहायो आणि मिसूरीचे, बदली टेक्सासला. 'सक्रियपणे वापरलेला' म्हणजे काय यावर राज्याने वाद घातला, आणि 2023 च्या जुलैत केंद्रीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

या सगळ्यात एक जण बाहेर राहतो, तो म्हणजे अजून परवाना न मिळालेला परीक्षार्थी. वरचे कायदे परवानाधारकाबद्दल बोलतात. 2004 मध्ये सीपीए परीक्षा संगणकावर आली तेव्हा नियम झाला की पहिला पेपर सुटल्यापासून 18 महिन्यांत उरलेले तीन सुटले पाहिजेत, नाहीतर पहिल्याचं श्रेय जातं. दोन पेपर काढून वर्षभराच्या तैनातीवर गेलेल्याला हे जड जायचं. अडचण दाखवून मुदतवाढ मागता येई, पण ती देणं मंडळाच्या मर्जीवर. 2023 मध्ये राज्य मंडळांच्या महासंघाने नमुना नियमात ही मुदत 30 महिने केली आणि बहुतेक राज्यांनी ती उचलली. त्यामागे सैनिकांचा विचार नव्हता. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटत होती आणि परीक्षेचा आराखडाही 2024 पासून बदलणार होता.